त्या रात्री त्यांनी स्तोत्र गायलं

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. स्तुतीचं पुस्तक म्हणून कुणी ती सलग वाचायला घेतली, तर त्याला आधी भेटतं ते रडणं. तिसऱ्याच स्तोत्रात शत्रू वाढल्याची तक्रार आहे. सहाव्यात रोज रात्री अंथरूण आसवांनी भिजतंय. दहाव्याची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस?’ अशी होते आणि तेराव्यात ‘किती वेळ?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्रांचे प्रकार पाडणारे अभ्यासक सांगतात की या संग्रहातला सर्वांत मोठा गट विलापस्तोत्रांचाच आहे. तरीही ख्रिस्ती मंडळी गेली दोन हजार वर्षं देवाची स्तुती करायला शिकली ती याच पुस्तकातून.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण ‘देवाची स्तुती का करायची?’ असं विचारलं की आपल्या तोंडून पहिल्यांदा मिळालेल्या गोष्टी निघतात. नोकरी लागली, आजार बरा झाला, मुलगी पास झाली, अपघातातून वाचलो. उपासनेत साक्षी दिल्या जातात त्याही बहुतेक अशाच असतात. मी त्यांना कमी लेखत नाही. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला तेव्हा येशूने ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं विचारलं होतं. म्हणजे मिळालेल्याबद्दल परत येऊन आभार मानणं त्याला मोलाचं वाटत होतं. पण स्तुतीचा सगळा भार या एकाच कारणावर टाकला, तर एका वाईट बातमीने ती कोसळते. ज्या घरात आजार बरा झाला नाही त्या घराने काय म्हणायचं? ज्याची प्रार्थना वर्षानुवर्षं तशीच पडून आहे, त्याने साक्षीच्या वेळी मान खाली घालून बसायचं का?

स्तोत्रकर्त्यांनी स्तुतीचा पाया दुसरीकडे घातला आहे. १३६ वं स्तोत्र पाहा. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाचं उत्तरार्ध तेच: ‘त्याची दया सनातन आहे.’ वाचताना कंटाळा येईल अशी ही पुनरुक्ती आहे, पण ते गाण्यासाठी आहे. एकाने पहिली ओळ म्हणायची आणि लोकांनी दुसरीने उत्तर द्यायचं. पहिल्या ओळींमध्ये काय काय मोजलंय? आकाश, पाण्यावर पसरलेली पृथ्वी, दिवसावर सत्ता चालवायला सूर्य, रात्रीसाठी चंद्र आणि तारे. मग मिसर (इजिप्त), दुभागलेला तांबडा समुद्र, अरण्यातली वाट, सीहोन आणि ओग हे राजे. शेवटी एकदम साधी गोष्ट: तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. गाणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात काय चाललंय, त्याचं पीक कसं आलं, त्याची तब्येत कशी आहे, याचा पत्ताच नाही. तो तांबड्या समुद्राच्या काठी कधी उभा नव्हता. त्याच्या कितीतरी पिढ्या आधी ते घडलं. पण म्हणताना तो म्हणतो, आमच्या हीनदीन अवस्थेत त्याने आमची आठवण केली. आमची! पूर्वजांच्या बाबतीत घडलेलं त्याने आपलं म्हणून घेतलं आहे.

बायबलमधली स्तुती बहुतेक ठिकाणी अशी आठवणीतून उगवते. यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून १२ धोंडे काढायला लावले, आणि कारण दिलं ते मुलांचं. पुढे मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. १०३ व्या स्तोत्रात तर गाणारा दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्याच जिवाला बजावतो: त्याचे सर्व उपकार विसरू नकोस. जिवाला असं बजावावं लागतं, कारण तो विसरतो. किती लवकर विसरतो याचं निर्गमाच्या पुस्तकात एक उदाहरण आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक समुद्र पार झाल्यावर त्यांचा पुढारी मोशे गातो, त्याची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचते, सगळ्या बायका तिच्यामागे निघतात. त्यानंतर तीन दिवस पाण्यावाचून चालून ते मारा या ठिकाणी पोहोचतात, तिथलं पाणी कडू निघतं आणि तीच माणसं कुरकुर करू लागतात.

यावर प्रवचनांमध्ये इस्राएल लोकांना पुष्कळ बोलणी बसतात. मला मात्र त्यांच्याबद्दल कणव वाटते. तीन दिवसांची तहान खरी होती. लेकरं सोबत होती, जनावरं सोबत होती. समुद्र दुभागल्याची आठवण कितीही ताजी असली तरी तिने घसा ओला होत नाही. देवानेही तिथे त्यांना आठवणीवर भागवा असं सांगितलं नाही. त्याने ते पाणी गोड केलं आणि पुढच्या मुक्कामाला, एलीमला, १२ झरे आणि ७० खजुरीची झाडं होती. पण त्या लोकांना एक प्रश्न विचारता आला असता आणि तो त्यांनी विचारला नाही: ज्याने काल समुद्रातून वाट काढली तो आज आम्हाला तहानेने मारायला इथवर आणेल का? भरवसा म्हणजे हा प्रश्न स्वतःला विचारणं. काल घडलेल्या गोष्टीवर उभं राहून उद्याकडे बघणं. म्हणूनच स्तुती आणि भरवसा मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. स्तुती करताना तोंड मागे असतं, भरवसा ठेवताना पुढे. पाय एकाच जागी असतात.

एक शंका पुष्कळांना येते, आणि ती विचारायला लाज वाटू नये. देवाला आपली स्तुती कशाला हवी? ज्याला सतत कुणीतरी वाखाणावं लागतं तो मोठा कसा? याचं उत्तर ५० व्या स्तोत्रात देव स्वतःच देतो आणि तेही जवळजवळ रागावून. मला भूक लागली तर ती मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि जगातलं सगळं माझं आहे. अरण्यातला प्रत्येक पशू माझा, हजारो डोंगरांवरची गुरं माझी. प्रेषित पौलानेही अथेन्सच्या विद्वानांपुढे हेच मांडलं: देवाला काही उणं आहे म्हणून माणसाच्या हातून त्याची सेवा घडावी, असं नाही, तोच सर्वांना जीवन आणि श्वास देतो. तेव्हा स्तुतीने देवात काही भर पडत नाही. फरक पडतो तो स्तुती करणाऱ्यात. माणूस स्वतःच्या काळजीभोवती इतका घट्ट गुंडाळला गेलेला असतो की त्याला त्या काळजीपलीकडचं काही दिसत नाही. ‘तू सूर्य केलास, तू चंद्र केलास’ असं मोठ्याने म्हणू लागलं की नजर निदान छतापर्यंत तरी वर जाते. काळजी जागीच राहते, पण जगात तेवढीच एक गोष्ट उरत नाही.

भरवशाच्या बाबतीत मात्र मला सगळ्यात जास्त आधार वाटतो तो दानिएलच्या पुस्तकातल्या तिघांच्या बोलण्याचा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर त्यांना म्हणतो, सोन्याच्या मूर्तीला दंडवत घाला, नाहीतर भट्टीत टाकतो. मग तुम्हाला माझ्या हातून सोडवील असा देव कोण आहे? त्यांचं उत्तर दोन भागांत आहे. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, हा पहिला. आणि त्याने तसं केलं नाही, तरीही राजा, आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही, हा दुसरा. भट्टीतून ते वाचले, चौथा एकजण त्यांच्यासोबत अग्नीत फिरताना दिसला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण हे उत्तर त्यांनी दिलं तेव्हा पुढे काय होणार ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांची देवाशी असलेली बांधिलकी सुटकेच्या अटीवर टिकलेली नव्हती. ‘देव हे करील’ असं छातीठोक सांगण्यात मोठा विश्वास आहे, असं अनेकदा शिकवलं जातं. मला वाटतं, ‘आणि नाही केलं, तरीही’ म्हणणाऱ्याचा विश्वास त्याहून मोठा असतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायातलं अकरावं वचन आपण सगळे एकमेकांना पाठवत असतो. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वाढदिवसाला, परीक्षेच्या आधी, नव्या घराच्या भिंतीवर. वचन खरं आहे आणि ते पाठवणाऱ्याचं प्रेमही खरं आहे. पण ते ज्या पत्रात आलं ते पत्र बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, मंदिराची नेलेली पात्रंही परत येतील. लोकांना ते किती गोड वाटलं असेल! यिर्मया त्याला खोटं ठरवतो आणि लिहितो: ७० वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिलंच नसणार. ‘हिताचे संकल्प’ त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचणार होते. हे लक्षात घेऊन ते वचन वाचलं की त्याचं वजन वाढतं. देव घाईने गोड बोलत नाही. तो ७० वर्षं असतील तर ७० वर्षं सांगतो आणि त्या ७० वर्षांत त्या परक्या नगरातही आपण असू, हेही सांगतो. जो अवघड गोष्ट आधीच सांगतो, त्याच्या चांगल्या शब्दावर भरवसा ठेवणं मला सोपं जातं.

आता ज्या रात्रीमुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं, त्या रात्रीविषयी.

मत्तयाच्या शुभवर्तमानात २६ व्या अध्यायात एक छोटं वाक्य आहे. शेवटचं भोजन झालं आहे. येशूने भाकरी मोडली आहे, प्याला दिला आहे, ‘तुमच्यातला एक मला धरून देईल’ हेही सांगून झालं आहे. आणि मग: स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघून गेले. मार्कही तेच सांगतो. पुढच्या वाक्यापासून पेत्राचा नकार, गेथशेमाने, मशाली, तलवारी, पळापळ हे सगळं सुरू होतं. त्यामुळे वाचताना हे गाण्याचं वाक्य नजरेतून सुटून जातं.

त्या रात्री येशू गायला.

कोणतं स्तोत्र ते शुभवर्तमानात दिलेलं नाही. पण वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेची आठवण करणाऱ्या सणाच्या, भोजनाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणण्याची यहुदी परंपरा आहे आणि त्यांतली शेवटची भोजनानंतर म्हणतात. त्या रात्रीचं स्तोत्र याच मालिकेतलं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून ही स्तोत्रं त्या रात्रीला धरून एकदा तरी वाचावीत. ११६ व्यात आहे: मृत्यूच्या पाशांनी मला वेढलं. त्याच स्तोत्रात पुढे: मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. ओठांवर हे शब्द घेऊन तो डोंगराकडे गेला आणि तिथे पालथा पडून म्हणाला, ‘माझ्या बापा, शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ ११८ व्यात आहे: मी मरणार नाही, तर जगेन. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला धोंडा कोनशिला झाला. यज्ञपशू वेदीच्या शिंगांना दोरीने बांधा. आणि शेवटच्या ओळीच्या अखेरीस तेच शब्द, जे १३६ व्यात २६ वेळा येतात: परमेश्वराचा धन्यवाद करा, कारण तो चांगला आहे, त्याची दया सनातन आहे.

उद्या आपल्याला खिळे ठोकले जाणार आहेत हे ज्याला माहीत होतं, त्याने गायलेली ही ओळ आहे. आपली परिस्थिती चांगली म्हणून देव चांगला, असा त्याचा हिशेब नव्हता. आणि दुःख काही नाहीच, असाही आव नव्हता, कारण थोड्याच वेळात तो घामाघूम होऊन, मरणप्राय दुःखी होऊन प्रार्थना करणार होता. स्तोत्र आणि ती प्रार्थना एकाच रात्रीत एकाच मुखातून निघाली. ज्यांना वाटतं की रडणाऱ्याने आधी रडणं थांबवावं आणि मग स्तुती करावी, त्यांनी या रात्रीकडे पाहावं.

दुसऱ्या दिवशी क्रुसावरूनही तो स्तोत्रंच म्हणतो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ ही ३१ व्या स्तोत्रातली. एक टाकून दिल्याची किंकाळी, दुसरी संपूर्ण भरवशाची. मधल्या वेळात परिस्थिती बदललेली नाही. खिळे तसेच आहेत. २२ वं स्तोत्र पुढे वाचत गेलं की हात-पाय विंधलेले, वस्त्रं वाटून घेतलेली, चिठ्ठ्या टाकलेल्या, सगळं येतं. आणि मग गाणारा म्हणतो की देवाने पीडिताच्या पीडेचा तिटकारा केला नाही, आपलं तोंड त्याच्यापासून लपवलं नाही, मी मंडळीमध्ये तुझी स्तुती करीन.

ख्रिस्ती माणसाने देवावर भरवसा का ठेवावा, असं मला कुणी विचारलं तर मी इथे बोट ठेवतो. देव सामर्थ्यवान आहे, हे कारण मला पुरत नाही. सामर्थ्याची भीती वाटू शकते. देव सर्वज्ञ आहे, हेही पुरत नाही. माझं सगळं जाणणारा माझ्या बाजूचा असेलच असं नाही. पण आमच्या देवाच्या अंगावर जखमा आहेत. त्याने ‘का?’ हा प्रश्न वरून ऐकला नाही, तो खालून, अंधारात, स्वतःच्या तोंडाने विचारला. पौल रोमकरांस पत्रात यावरूनच युक्तिवाद करतो: ज्याने आपल्या पुत्राला राखून ठेवलं नाही, त्याला आपल्या सर्वांसाठी दिलं, तो त्याच्याबरोबर आपल्याला सर्व काही का देणार नाही? सगळ्यात महाग ते आधीच देऊन झालं आहे. पुढे काय मिळेल, काय नाही, ते मला माहीत नाही. पण जे राहिलं असेल ते त्याने आकसाने राखून ठेवलेलं नसणार.

आणि कथा क्रुसापाशी संपत नाही, हे म्हटल्याशिवाय यातलं काहीच उभं राहत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल अगदी उघड सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, सगळ्या माणसांत आम्ही कीव करण्याजोगे आहोत. कोणत्याही धर्मगुरूने आपल्या पत्रात असं लिहायला धैर्य लागतं. त्याच अध्यायात तो साक्षीदार मोजतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग एकाच वेळी ५०० हून अधिक बंधू, त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जाऊन विचारा. त्याचा भरवसा उदात्त भावनेवर नाही, एका घटनेवर टेकलेला आहे. ती घटना खरी असेल तर माझ्या मनाची आजची स्थिती कशीही असली तरी खरीच राहते. माझ्यासारख्या चटकन खचणाऱ्या माणसाला याचा फार मोठा दिलासा आहे.

माझे वडील गेले त्यानंतरच्या रविवारी मी उपासनेला गेलो होतो. उभा राहिलो, गीतांचं पुस्तक हातात उघडं होतं आणि एक शब्द तोंडातून निघेना. शेजारी एक आजी होत्या, त्यांचा आवाज थोडा बेसूर आणि पक्का. मागच्या रांगेत लहान मुलं चुकीच्या ठिकाणी ओरडून गात होती. मी गप्प उभा होतो आणि माझ्याभोवती देवाची स्तुती चालू होती. तेव्हा मला कळलं की स्तुती मंडळीला का दिली आहे. १३६ व्या स्तोत्राचं उत्तरार्ध सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, म्हणजे एखाद्याचा गळा दाटला तरी ओळ पूर्ण होते. त्या दिवशी ती माझ्यासाठी इतरांनी पूर्ण केली. पुढे कधीतरी मी कुणासाठी करीन, कदाचित कुणासाठी करतोय हे न कळताच. घरी एकट्याने केलेली भक्ती मोलाची आहे, पण जो फक्त एकटाच गातो त्याला ही मदत मिळत नाही.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्यांच्या समाजकार्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो, पण त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची रांग पाहिली की मन सुन्न होतं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. सोबतीला उरलेला भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पतीही गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मूळावरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. ते काम चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याआधी गेली. त्यानंतरही रमाबाई भाषांतर पुरं करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, आणि सांगायचा मला अधिकारही नाही. पण ज्याने सगळं नेलं असं कुणीही म्हणालं असतं, त्याचेच शब्द त्या शेवटपर्यंत ओळीमागून ओळ उतरवत होत्या. या हाताच्या कामाला मी स्तुती म्हणतो. तिला टाळ्या, वाद्यं, उंच स्वर लागले नाहीत.

स्तुतीबद्दल लिहिताना ८८ वं स्तोत्र टाळता येत नाही. बहुतेक विलापस्तोत्रं कुठेतरी वळतात. ‘तरी मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ असं काहीतरी येतं आणि सूर बदलतो. ८८ वं वळतच नाही. ते अंधारातच संपतं: माझे सखेसोबती माझ्यापासून दूर गेले, उरला तो काळोख. कुणीतरी हे स्तोत्र संग्रहातून वगळू शकलं असतं. वगळलं नाही, उलट गायनाच्या सूचना देऊन ते ठेवलं. मंदिरात हे गायचं आहे, असं सांगून. यातून मला एक गोष्ट समजते: देवाला खोट्या आनंदापेक्षा खरा काळोख चालतो, तो त्याच्याकडे तोंड करून बोललेला असला तर. ८८ व्या स्तोत्राचा पहिला शब्दसमूह ‘हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा’ असा आहे. नंतर सगळं अंधारलं तरी हाक मारलेली आहे ती त्यालाच.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीनही शेवटी स्तोत्रांकडेच वळला होता. इ. स. ४३० मध्ये त्याच्या हिप्पो शहराला वँडल सैन्याचा वेढा पडला होता आणि तो स्वतः मरणाला टेकला होता. त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून घेऊन अंथरुणावरून दिसतील अशी भिंतीवर लावली, आणि ती वाचत तो रडत असे. देवाच्या स्तुतीविषयी इतकं लिहून गेलेला माणूस शेवटच्या दिवसांत पश्चात्तापाची स्तोत्रं वाचतो, हे मला मुळीच विसंगत वाटत नाही. देव क्षमा करणारा आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्यालाच आपली पापं इतक्या उजेडात, भिंतीवर लावून पाहता येतात.

पौलाच्या पत्रांमध्ये मी अलीकडे पुन्हापुन्हा उघडतो तो त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय. तो तुरुंगात आहे. आपल्या प्रयाणाचा काळ आला आहे हे त्याने लिहून टाकलं आहे. सोबती देमास सोडून गेला. पहिल्या सुनावणीला कुणीही त्याच्या बाजूने उभं राहिलं नाही. ‘त्याबद्दल त्यांना दोष लावला जाऊ नये’ एवढंच तो म्हणतो. आणि मग: पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला शक्ती दिली. प्रभू मला प्रत्येक दुष्ट कृत्यापासून सोडवील आणि आपल्या स्वर्गीय राज्यात सुखरूप नेईल. त्याला युगानुयुग गौरव असो, आमेन. ‘सोडवील’ म्हणजे तुरुंगातून सोडवील, असा त्याचा समज नाही. आपण मरणार हे त्याने त्याच पानावर मान्य केलं आहे. स्तुती आणि मृत्यूची जाणीव यांच्यामध्ये त्याला ‘परंतु’ घालावासाही वाटलेला नाही. त्याच पत्रात त्याने तीमथ्याला सांगितलं आहे की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. आमेन लिहून झाल्यावर तो प्रिस्का आणि अक्विला यांना सलाम सांगतो, त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेतात ठेवून आल्याचं कळवतो आणि लिहितो, हिवाळ्यापूर्वी येण्याचा होईल तितका प्रयत्न कर.